विमानात सिगारेट बंद, मग दारावर राखदाणी कशाला?



दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. सातवीच्या वर्गात "सुट्टीत काय केलं?" हा नेहमीचा तास सुरू होता. कोणी मामाच्या गावी धानाच्या कापणीला गेलेलं, कोणी मंडईला जाऊन रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून आलेलं. एक मुलगी मात्र मावशीकडे पुण्याला चक्क विमानाने जाऊन आली होती. वडशाहून नागपूर आणि तिथून पुढे विमान. आमच्या शाळेतलं विमानात बसलेलं ते पहिलंच लेकरू. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. खिडकीतून ढग कसे दिसतात, खायला काय देतात, कान का दुखतात, सगळं विचारून झालं. मग तिनेच मला विचारलं,

"सर, इमानात सिगरेट पिऊ देत नाही म्हणे. बसल्या बसल्या सांगतात, वर चित्रही लावलं असते. मंग संडासाच्या दाराले राखदानी कायले लावली?"

मी पटकन उत्तर दिलं, "जुनं विमान असेल. पूर्वी चालायचं ना, तेव्हाची राहून गेली असेल." तास संपला. पण उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की माझं उत्तर साफ चूक होतं. नव्याकोऱ्या विमानातही ती राखदाणी असते, आणि ती मुद्दाम लावलेली असते. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली आणि त्या एका प्रश्नावर आमचे तीन तास गेले. त्या तीन तासांचं हे टिपण.

एके काळी धूर ही सोय होती

आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण विमानात सिगारेट ओढणं ही कित्येक वर्षं साधी गोष्ट होती. प्रत्येक खुर्चीच्या हातावर छोटी राखदाणी असायची. जेवणानंतर सिगारेट पेटवणं हा पाहुणचाराचाच भाग समजला जायचा.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. भारतीय कंपनीच्या युरोप सेवेची ती सुरुवात. या कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे मिश्यांचा 'महाराजा'. बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये तो घडवला, आणि सुरुवातीच्या चित्रात हा महाराजा उडत्या गालिच्यावर बसून हुक्का ओढताना दाखवलेला होता! पुढे १९६७ मध्ये एअर इंडियाने साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकाराकडून खास राखदाणी तयार करून घेतली. तिच्यातला हत्ती उलटा धरला की हंस दिसतो. मोबदला म्हणून दालीने पैसे नाही, हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते पाठवलंही. मुलांना ही गोष्ट फार आवडली. पण मुद्दा असा की, ज्या काळात विमान कंपनी प्रवाशाला भेट म्हणून राखदाणी देत होती, त्या काळात सिगारेट ही मोठेपणाची खूण होती.

मग काय झालं?

११ जुलै १९७३. ब्राझीलच्या वारिग कंपनीचं बोइंग ७०७ विमान रिओ दि जानेरोहून पॅरिसला चाललं होतं. उतरायला काही मिनिटं उरली असताना मागच्या बाजूच्या एका संडासात आग लागली. धूर केबिनमध्ये आणि मग थेट वैमानिकांपर्यंत पोहोचला. समोरची उपकरणं दिसेनात. शेवटी वैमानिकांनी ऑर्ली विमानतळाच्या अलीकडे, साधारण ५ किलोमीटरवर, एका शेतातच विमान उतरवलं. विमानात १३४ माणसं होती. १२३ मेली. वाचलेल्या ११ जणांपैकी १० कर्मचारी आणि फक्त एक प्रवासी होता. विमान उतरलं तेव्हा बरेच प्रवासी धुराने आधीच गुदमरलेले होते.

आगीचं एकच एक कारण पक्कं करता आलं नाही. विजेतला बिघाड किंवा प्रवाशाचा निष्काळजीपणा, म्हणजे कचऱ्यात टाकलेलं जळतं थोटूक, अशा शक्यता पुढे आल्या. संडासातल्या कचरापेटीत काय असतं? हात पुसलेले कागद. त्यात थोटूक पडलं की काय होणार, हे आपल्याला सांगायला नको. उन्हाळ्यात जंगलात टाकलेल्या बिडीने काय होतं ते वडशाच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय.

यानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने १९७४ मध्ये आदेश काढला. संडासात धूम्रपान बंद, तशा पाट्या लावा, कचरापेटीचं झाकण नीट बंद होतं का ते तपासत राहा, आणि संडासाच्या दाराजवळ राखदाणी ठेवा.

पुढे अजून दोन दुर्घटना घडल्या. २४ डिसेंबर १९८२ रोजी चीनच्या ग्वांगझू इथे एका विमानाच्या केबिनमध्ये प्रवाशाच्या सिगारेटने आग लागली आणि २५ जण गेले. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानात संडासाच्या भागात आग लागली. विमान अमेरिकेतल्या सिनसिनाटीला उतरवलं. दारं उघडली आणि दीड मिनिटाच्या आतबाहेर आख्खी केबिन पेटली, कारण आत कोंडलेल्या तापलेल्या धुराला बाहेरची ताजी हवा मिळाली. ४६ पैकी २३ माणसं गेली. ही आग कशाने लागली ते शेवटपर्यंत ठरलं नाही, पण त्यातून धडा मात्र घेतला गेला. संडासात धूरशोधक यंत्र, कचरापेटीत आपोआप सुटणारं अग्निशामक, आणि धुरात वाट दिसावी म्हणून खाली जमिनीलगत दिवे, या गोष्टी त्यानंतर आल्या.

तर राखदाणीचं उत्तर

आज अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या नियमात लिहिलेलं आहे की विमानात धूम्रपानाला परवानगी असो वा नसो, संडासाच्या दारावर किंवा दाराजवळ, सहज दिसेल अशी राखदाणी असलीच पाहिजे. ती तुटली किंवा हरवली तर नोंद करून ठरावीक दिवसांत बसवावी लागते.

का? कारण नियम लिहिणाऱ्यांना माणूस माहीत आहे. शंभर जणांना सांगितलं तरी एखादा लपून पेटवणारच. पेटवल्यावर बाहेरून कोणी दार ठोकलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस थोटूक कुठे टाकतो? जे पहिलं हाताला लागेल तिथे, म्हणजे कागदाच्या पेटीत. विझवायला सुरक्षित जागा डोळ्यांसमोर असली तर निदान तो तिथे विझवेल.

आमच्या वर्गात एकाने लगेच विचारलं, "म्हंजे सर, पेल्यावर माफ हाये का?" नाही. राखदाणीत विझवलं तरी गुन्हा तो गुन्हाच. पकडला गेला तर कारवाई होतेच. राखदाणी म्हणजे परवानगी नाही. चूक झालीच तर त्या एका चुकीपायी बाकीच्यांचा जीव जाऊ नये, एवढ्यासाठी ती आहे. हा फरक मुलांच्या डोक्यात बसायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा.

धूर रांग पाळत नाही

आगीची भीती ही एक बाजू. दुसरी बाजू श्वासाची. बरीच वर्षं विमानात मागच्या काही रांगा 'धूम्रपान करणाऱ्यांच्या' आणि पुढच्या 'न करणाऱ्यांच्या' असत. मध्ये भिंत नाही, पडदाही नाही. एका खोलीच्या अर्ध्या भागात चूल पेटवून दुसऱ्या अर्ध्यात धूर येऊ नये म्हणण्यासारखंच ते.

प्रवासी चार-आठ तासांनी उतरून घरी जायचा. पण हवाई सुंदरी? तिचं तर तेच काम. रोज, वर्षानुवर्षं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्मा ब्रॉइन या विमान कर्मचारी महिलेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. नॉर्मा स्वतः सिगारेट ओढत नव्हती, तरी तिला फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि कंपन्यांना ३० कोटी डॉलर देऊन या आजारांवरच्या संशोधनासाठी संस्था उभी करावी लागली. दुसऱ्याच्या धुराचा त्रास हा नुसता नाक मुरडण्याचा विषय नाही, हे त्या निमित्ताने जगभर गेलं.

बंदी एका दिवसात आली नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर, १९९० मध्ये जवळपास सगळ्याच देशांतर्गत उड्डाणांवर आणि २००० मध्ये परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांवरही बंदी आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२ मध्ये ठराव करून १९९६ पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणं धूरमुक्त करा असं सदस्य देशांना सांगितलं.

आठवी-नववीला विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी इथे एक छान जोड आहे. विमान ३५ हजार फुटांवर उडत असलं तरी केबिनमध्ये हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई शिखर ५,४०० फुटांचं. म्हणजे विमानात बसलेला माणूस हवेच्या दृष्टीने कळसूबाईच्याही वर असतो. तिथे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन आधीच कमी. त्यात सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. शेजारी म्हातारी आजी किंवा दम्याचं लेकरू बसलं असेल तर विचार करा.

गाडी चालवणारेच ओढत असतील तर?

मुलांना सगळ्यात जास्त धक्का इथे बसला. अमेरिकेतल्या १९९० च्या बंदीतून वैमानिकांची खोली वगळलेली होती. कारण असं दिलं जायचं की सवय असलेल्या वैमानिकाला अचानक सिगारेट मिळाली नाही तर त्याचं लक्ष उडेल. म्हणजे व्यसन इतकं घट्ट, की नियम करणाऱ्यांनाही त्याची भीती वाटली!

आता नियम कडक आहेत, तरी प्रसंग घडतात. १२ मार्च २०१८ रोजी यूएस-बांगला कंपनीचं विमान काठमांडूला कोसळलं आणि ७१ पैकी ५१ जण गेले. चौकशी अहवालात नोंद आहे की कॅप्टन प्रचंड मानसिक ताणाखाली होता आणि कंपनीची मनाई असूनही उड्डाणात सिगारेट ओढत होता. इथे मुलांना नीट सांगायला हवं की विमान सिगारेटमुळे पडलं असं अहवाल म्हणत नाही. दिशेचं भान सुटणं हे मुख्य कारण. सिगारेट ही त्या ताणाची खूण होती.

त्याच वर्षी १० जुलैला एअर चायनाचं हाँगकाँगहून दालियनला जाणारं विमान अचानक हजारो फूट खाली आणावं लागलं आणि प्रवाशांसमोर ऑक्सिजनचे मास्क लटकले. झालं असं की सहवैमानिक ई-सिगारेट ओढत होता. वाफ केबिनमध्ये जाऊ नये म्हणून तो पंखा बंद करायला गेला आणि चुकून हवा पुरवणारी यंत्रणाच बंद केली. १५३ प्रवासी होते, सुदैवाने सगळे वाचले. लक्षात घ्या, इथे आग लागलीच नव्हती. घात लपवण्याच्या धडपडीने केला.

आपल्याकडचा कायदा

भारतात १९३७ च्या विमान नियमांत २५ क्रमांकाचा नियम विमानातल्या धूम्रपानाबद्दलचाच होता. जमिनीवरच्या बंदीची गोष्ट मात्र आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. मुंबईचे नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रण कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे नवे नियम लागू झाले. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, तेही याच कायद्यात. २०१९ पासून देशात ई-सिगारेटवरही बंदी आहे.

विमानात गोंधळ घालणाऱ्यांसाठी २०१७ पासून तीन पायऱ्या आहेत. तोंडाने त्रास दिला तर ३ महिन्यांपर्यंत, अंगावर गेलं तर ६ महिन्यांपर्यंत, आणि सगळ्यांच्या जिवाला धोका केला तर किमान २ वर्षं विमानबंदी.

यातला एक मुंबईचा प्रसंग वर्गात चर्चेला फार चांगला आहे. मार्च २०२३ मध्ये लंडनहून मुंबईला येणाऱ्या विमानात एक प्रवासी संडासात सिगारेट ओढताना सापडला, नंतर त्याने गोंधळही घातला. अंधेरीच्या न्यायालयाने २५ हजार रुपयांवर जामीन देऊ केला. त्याचं म्हणणं असं की या कलमाचा दंड २५० रुपये आहे असं मी इंटरनेटवर वाचलंय, तेवढेच देणार. शेवटी त्याची रवानगी कोठडीत झाली.

मी मुलांना विचारलं, "विमानातल्या सगळ्यांच्या जिवाची किंमत २५० रुपये बरोबर आहे का?" वर्ग पेटला! कोणी म्हणालं दंड वाढवा, कोणी म्हणालं जन्मभर बसू देऊ नका. एक जण शांतपणे म्हणाला, "सर, दंडाले कोन भेते? आपल्या रेल्वेतबी दंड हाये." खरंच आहे. रेल्वे कायद्याच्या १६७ व्या कलमात १०० रुपयांपर्यंत दंड आहे, सार्वजनिक ठिकाणी २०० पर्यंत. आकडे पाठ असून उपयोग नाही, आपल्या धुराने शेजाऱ्याचं काय होतं ते कळलं पाहिजे.

आणि मग प्रश्न माझ्याकडे वळला

तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, राग नका येऊ देऊ. तुमच्या खिशात खर्रा रायते. शाळेत तर बंदी हाये. मंग तुमी कुठी खाता?"

वर्गात चिडीचूप.

उत्तर त्यांना माहीत होतं. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीजवळ. तिथल्या भिंतीचा रंग सगळं सांगतो. मी इतकी वर्षं समजत होतो की मुलांना कळत नाही. म्हणजे दार लावून पेटवणारा तो प्रवासी मीच होतो आणि धूरशोधक यंत्र माझ्यासमोर बाकावर बसलेलं होतं.

मी खोटं बोललो नाही. "खातो. सोडायचा प्रयत्न करतो," म्हटलं. पुडी खिशातून काढून टेबलावर ठेवली. त्याला आता चार महिने झाले. मध्ये दोनदा चुकलो, एकदा लग्नात आणि एकदा परीक्षेच्या कामात. दोन्ही वेळा वर्गात येऊन सांगितलं. मुलं हसली नाहीत. एक जण म्हणाला, "सर, पहिलेपासून मोजू मंग." फळ्याच्या कोपऱ्यात ते दिवस मोजतात.

हे लिहायचं कारण असं. आपला जिल्हा म्हणजे तेंदूपत्त्याचा जिल्हा. मे महिन्यात आईबाप पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, दुपारी पुडे बांधतात, फळीवर नेऊन देतात. त्या पैशावर शाळेची पुस्तकं येतात, आणि त्याच पानाची बिडी होऊन घरी परत येते. म्हणून मुलांसमोर नुसतं "तंबाखू वाईट" म्हणून चालत नाही, त्यांच्या आईच्या कष्टाला वाईट म्हटल्यासारखं होतं. २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाचे लोक गावोगावी जे सांगतात, तेच आपण घरी-शाळेत रागावून न सांगता, समजावून सांगितलं पाहिजे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१) मुलांना 'मनाई असूनही सोय ठेवलेल्या' गोष्टी शोधायला लावा. रेल्वेतली साखळी, बसमधली अग्निशामक टाकी, विहिरीचा कठडा. प्रत्येकीमागे कोणती दुर्घटना किंवा भीती असेल ते लिहू द्या.

२) एका बंद खोलीत एका कोपऱ्यात उदबत्ती लावा. दुसऱ्या कोपऱ्यात वास किती मिनिटांत येतो ते घड्याळ लावून मोजा. 'धूर रांग पाळत नाही' हे वेगळं शिकवावं लागत नाही.

३) दंडाच्या रकमांवर वादविवाद घ्या: २५०, २०० की १०० रुपये? दंड वाढवून सवय सुटते का?

४) पालकांना विनंती: बिडी सुटत नसेल तर निदान घरात, लेकराजवळ, सायपाकाच्या जागी नको. पावसाळ्यात दार लावलेलं आपलं घर म्हणजे विमानाची केबिनच असते, खिडकी उघडायला कोणी उठत नाही.

५) सगळ्यात महत्त्वाचं. मुलाने कधी पहिल्यांदा खर्रा तोंडात टाकला तर ते घरी सांगायला त्याला जागा हवी. मार बसेल या भीतीने जे लपवतं, ते लेकरू जळतं थोटूक कागदाच्या पेटीत टाकतं. चुकीला शिक्षा असू द्या, पण चूक कबूल करायला दारावर एक राखदाणी असू द्या.

ती मुलगी परवा म्हणाली, "सर, आता विमानात बसली का म्या राखदानी पायली का पहिले तुमचीच आठवण येईन." मी म्हटलं, "येऊ दे. फळ्यावरचा आकडाही आठव."

तुमच्या वर्गात हा प्रश्न कसा चालला, मुलांनी काय काय विचारलं, ते जरूर कळवा.